बग की ठराव? पतसंस्थेला फॉक्सप्रोतून बाहेर काढतानाच्या नोंदी

पुण्यातल्या सदाशिव पेठेतली एक पगारदार नोकरांची पतसंस्था. वडील तिचे सभासद होते, म्हणून तिचं जुनं सॉफ्टवेअर नव्यात आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी हिंजवडीत जावा या भाषेत प्रोग्रामिंग करतो. जुनं सॉफ्टवेअर ज्यात लिहिलंय त्या फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेला कधी हात लावला नव्हता. कोड लिहिणारा एआय एजंट हाताशी आहे, म्हणून चार शनिवार-रविवारांत उरकेल असं सचिवांना सांगून बसलो. तेरा आठवडे लागले. असंच जुनं सॉफ्टवेअर घेऊन कुणी बसलं असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

मशीन विंडोज एक्सपीचं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, व्हिज्युअल फॉक्सप्रोचा जानेवारी २०१५ मध्ये. इथे दोन्ही रोज सकाळी साडेदहाला उदबत्ती लावून सुरू होतात. हार्ड डिस्क टकटक आवाज करते. मूळ प्रोग्रामरचा फोन बंद आहे, आणि त्याच्या जुन्या पत्त्यावर आता बेकरी आहे.

आज कोडला हातच लावला नाही. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून जुन्या डिस्कची केबल आणली (४५० रुपये) आणि अख्ख्या डिस्कच्या दोन प्रती केल्या. साडेतीन तास गेले. सगळ्या प्रकल्पात न चुकता झालेलं काम एवढंच.

प्रोग्रामच्या फाइली ४३, ओळी साधारण १९,०००. सभासद, भाग, वर्गणी, कर्ज, जामीनदार, किर्द, खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा गोषवारा), सगळं त्यात. व्हेरिएबलची नावं इंग्रजी लिपीत मराठी: व्याज१, व्याज२, व्याजनवे, व्याजनवे२.

३ ऑगस्ट, रविवार

फक्त कोडचा फोल्डर एजंटला दिला, डेटा नाही. दीड तासात त्याने कुठली फाइल कुठल्या फाइलला बोलावते त्याचा नकाशा, प्रत्येक तक्त्याचे रकाने आणि त्यांचे अर्थ काढून दिले. ‘जाम२’ म्हणजे दुसरा जामीनदार हे त्याने आपलं आपण ओळखलं. मला हाताने हे करायला दोन आठवडे लागले असते, यात शंका नाही.

शिवाय अकरा ‘संशयास्पद जागां’ची यादी दिली. त्यातली तिसरी कर्जव्याजाची. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिलेल्या कर्जावर पहिल्या महिन्याचं पूर्ण व्याज आणि १५ नंतर दिलेल्यावर अर्धं, असं कोडमध्ये होतं. एजंटचं म्हणणं, ही विसंगती आहे, व्याज दिवसांच्या हिशेबाने हवं. सुधारलेला कोडही सोबत दिला. मला पटलं. मी ‘हो’ म्हटलं.

या ‘हो’ची किंमत १४ सप्टेंबरच्या नोंदीत.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. बहीण संध्याकाळी येणार होती, तेवढ्यात डेटा नव्या डेटाबेसमध्ये ओतून घेऊ म्हटलं.

डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोची डेटाची फाइल, वाचायला पायथन भाषेत तयार लायब्ररी (आयता कोड) आहे. एजंटने ती न वापरता स्वतःच बाइट मोजून वाचणारा कोड लिहिला. सुबक होता, मीही कौतुकाने वाचला. सभासद आले २,३११. संस्थेच्या अहवालात १,८४६.

डीबीएफमध्ये नोंद ‘डिलीट’ केली तरी ती फाइलमधून जात नाही. नोंदीच्या पहिल्या बाइटमध्ये रिकाम्या जागेऐवजी तारका बसते, एवढंच. ‘पॅक’ ही आज्ञा दिली तरच नोंद खरोखर निघते. इथे पॅक कुणी कधी दिलंच नव्हतं. एजंटच्या कोडने तारका पाहिलीच नाही. ४६५ माणसं परत सभासद झाली. त्यांतले काही राजीनामा देऊन गेलेले, काही हे जग सोडून गेलेले. तसंच राहिलं असतं तर सप्टेंबरच्या लाभांश यादीत त्यांची नावं आली असती.

दुरुस्ती: हाताने लिहिलेला वाचक फेकला, तयार लायब्ररी लावली. ती तारकावाल्या नोंदी आपोआप वगळते. वेळ गेला चार तास. बहिणीला चहा मी नाही दिला, तिनेच मला दिला.

१० ऑगस्ट, रविवार

सभासद जुळले, कर्जाच्या नोंदी ३१२ ने कमी. एरर एकही नाही.

एजंटने प्रत्येक नोंद ‘जमली तर घ्या, नाही तर पुढे चला’ अशा वेष्टनात गुंडाळली होती. तारीख १९५० च्या आधीची असली की नोंद बाद, आणि त्याचा कुठे उल्लेखही नाही. त्या ३१२ नोंदींवर १९०० ते १९०३ ही सालं होती, म्हणजे टिळकांच्या हयातीत काढलेली कर्जं. कारण साधं होतं. आधीच्या डॉस आवृत्तीत साल दोन आकडी टाकायचे, आणि ‘०२’ टाकलं की ते १९०२ व्हायचं. पुढे कुणीतरी स्क्रीन सुधारली, जुन्या नोंदी तशाच राहिल्या.

आता याहून मोठी चूक, आणि ती पूर्णपणे माझी. “३१२ नोंदी का गळल्या ते शोध” असं मी एजंटला म्हटलं आणि खरा डेटा त्याच फोल्डरमध्ये पडलेला होता. त्याने तत्परतेने खरी फाइल उघडून वीस ओळी स्क्रीनवर काढल्या. नाव, मूळ पगार, पॅन. स्क्रीनवर आल्या म्हणजे त्या बाहेरच्या सर्व्हरलाही गेल्या. परवानगी विचारणारी खिडकी आली होती. मी सवयीने एंटर दाबलं.

संध्याकाळी सचिवांना फोन केला. ते ७१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. मी म्हटलं, “सर, वीस सभासदांची माहिती माझ्या हातून बाहेर गेली.” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लेखी दे. मंडळापुढे ठेवतो.” २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा मला तोंडपाठ नाही, पण दुसऱ्याचा डेटा आपल्या हाती म्हणजे विश्वस्ताची जबाबदारी, एवढं कळतं. लेखी दिलं.

तेव्हापासून खरा डेटा वेगळ्या लॅपटॉपवर, आणि त्यावर एजंट नाही. एजंटपुढे फक्त बनावट सभासद. ते तयार करणारा प्रोग्राम मात्र त्यानेच लिहिला, वीस मिनिटांत. हे पहिल्याच दिवशी करायचं होतं.

१७ ते ३१ ऑगस्ट

फॉन्ट. दोन आठवडे यातच गेले.

नावं आणि पत्ते युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. काही आयएसएमच्या ‘डीव्ही-टीटीसुरेख’मध्ये, काही श्रीलिपीत. आयएसएम हे टायपिंगचं सॉफ्टवेअर सी-डॅकचं, श्रीलिपी मॉड्युलर इन्फोटेकची. दोन्ही संस्था पुण्यातल्याच. म्हणजे गुंता गावातलाच, उत्तर मात्र मी परदेशातल्या सर्व्हरला विचारत होतो. या फॉन्टमध्ये अक्षर साठवलेलं नसतं, अक्षराचे तुकडे साठवलेले असतात: काना, अर्धा त, वेलांटी, रफार, आणि तेही दिसतात त्या क्रमाने.

एजंटला विचारलं तर त्याने आधी एक तयार पायथन पॅकेज सुचवलं. इन्स्टॉल करायला गेलो तर त्या नावाचं काही अस्तित्वातच नाही. याची सवय असलेली बरी. १६ मॉडेलांनी तयार केलेले ५,७६,००० कोडचे नमुने तपासणारा एक अभ्यास आहे. त्यात सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळपास पाचवा हिस्सा मुळात नव्हताच. धोका असा की ते काल्पनिक नाव कुणी खरंच नोंदवून त्यात विष घालून ठेवू शकतं. त्यामुळे आता नियम: एजंटने सुचवलेलं पॅकेज आधी ब्राउझरमध्ये जाऊन पाहायचं. जुनं आहे का, कुणाचं आहे, मगच इन्स्टॉल.

मग त्याने तुकड्यांचा तक्ता दिला, १८३ ओळींचा, प्रत्येक ओळीपुढे टीप. दिसायला अगदी प्रमाणग्रंथ. चालवून पाहिला:

‘वर्ष’ झालं ‘वषर्’. ‘अर्जुन’ झाला ‘अजुर्न’. ‘कार्यकारी’ झालं ‘कायर्कारी’.

जुन्या पीडीएफमधून मराठी कॉपी केलेल्यांना हे ओळखीचं असेल. रफार डोळ्यांना अक्षरावर, शेवटी दिसतो. युनिकोडमध्ये तो र आणि हलन्त म्हणून आधी लागतो. एजंटला सांगितलं, रफार मागे ने. त्याने एक व्यंजन मागे नेला. ‘वर्ष’ आणि ‘अर्जुन’ सुधारले. ‘कर्त्याचे’ झालं ‘कत्र्याचे’. जुन्या मराठी बातम्यांच्या पानांवर ‘कार्यकत्र्यांनी’ असं अजूनही दिसतं, ते याच पायरीवर थांबलेल्यांचं. रफार एक व्यंजन नाही, पूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे न्यावा लागतो.

ऱ्हस्व वेलांटीचं याच्या उलट. ती फॉन्टमध्ये व्यंजनाच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर हवी, आणि पुढे जोडाक्षर असेल तर तेही पूर्ण ओलांडून.

२३ तारखेच्या रात्री थकून मी एजंटला ‘विचारू नकोस, जमेपर्यंत करत राहा’ असं सांगून झोपलो. सकाळी १४ कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी), २,९०० रुपयांचं जादा बिल, आणि तक्ता आदल्या रात्रीपेक्षा बिघडलेला. एक तुकडा दुरुस्त करताना तो दुसरा मोडत होता, मग दुसऱ्यासाठी तिसरा. ‘जमलं’ म्हणजे काय, हे त्याला मी सांगितलंच नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं?

उपाय अगदी गावठी. संस्थेच्या लेखनिक ताई कित्येक वर्षं हीच नावं टाइप करतायत. त्यांच्यासोबत बसून जुन्या स्क्रीनवरचे ३०० शब्द हाताने युनिकोडमध्ये टाइप केले. रफाराचे, वेलांटीचे, ‘अधिकाऱ्यांचा’मधल्या आडव्या र चे, सगळे नमुने त्यात येतील असे वेचले. वैयक्तिक नावं एकटी, बाकी माहिती सोडून. अडीच तास लागले. त्या ३०० जोड्या एजंटला दिल्यावर त्याने दोन तासांत तक्ता आणि क्रम दोन्ही बसवले. आधीच्या दहा दिवसांत जे झालं नाही ते या दोन तासांत झालं.

श्रीलिपीतल्या नोंदी वेगळ्या ओळखायच्या कशा, हा प्रश्न ताईंनीच सोडवला. “दादा, त्या २००३ ते २००६ च्या. तेव्हा माझ्या जागी दुसऱ्या बाई होत्या, त्यांना तोच फॉन्ट यायचा.”

एक बारकी गोष्ट, शोधाची सोय देणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ‘ॲड.’मधला ॲ दोन प्रकारे टाइप होतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून (युनिकोडमध्ये हे २००८ पासून आहे), दुसरा अ वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखे. संगणकाला ते वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) त्यांना एक करत नाही. वकील सभासद शोधात सापडेनात तेव्हा कळलं. एका ओळीची दुरुस्ती, शोधायला दीड तास.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. पेठेत शिरायचा प्रश्नच नाही. घरी बसून विचार केला: एजंटमुळे माझा वेळ वाचतोय की फक्त तसं वाटतंय?

एआयची क्षमता मोजणाऱ्या मेटर या संस्थेचा या जुलैतला अभ्यास वाचला. १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामर, त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं. कुठल्या कामात एआय वापरायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवलेलं. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. सुरुवातीला त्यांना वाटत होतं २४ टक्के वाचेल. काम झाल्यावरही वाटत होतं २० टक्के वाचला. मला शेवटचा आकडा टोचला.

उलट बाजूचा प्रयोग जुना आहे, कोड सुचवणाऱ्या कोपायलट या एआयच्या सुरुवातीच्या काळातला: ९५ प्रोग्रामर, जावास्क्रिप्टमध्ये छोटा वेब सर्व्हर लिहायचा, कोपायलटवाल्यांनी ५५.८ टक्के कमी वेळात लिहिला. दोन्ही खरे असू शकतात. तिथे काम कोऱ्या पाटीवर, आणि झालं की नाही हे सांगणाऱ्या चाचण्या आधीच तयार. माझ्याकडे पाटीवर २७ वर्षांचं लिखाण, आणि चाचणी एकही नाही. मॉडेलांची परीक्षा घेणाऱ्या एसडब्ल्यूई-बेंचचंही तसंच. २०२३ मध्ये १२ पायथन प्रकल्पांतले २,२९४ प्रश्न घेऊन तो बनवला, आणि प्रत्येक प्रश्नासोबत बरोबर-चूक ठरवणाऱ्या चाचण्या आहेत. मी फॉन्टमध्ये दहा दिवस घालवले ते त्या ३०० जोड्या नव्हत्या म्हणून.

तर आजपासून: प्रत्येक कामाआधी अंदाज लिहायचा, नाणं उडवायचं. छापा आला तर एजंट, काटा आला तर हाताने.

१४ सप्टेंबर, रविवार

ऑगस्टचं कर्जव्याज जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये काढून ताडून पाहिलं. चालू कर्जं ४१८. फरक १८७ मध्ये. कर्ज महिन्याच्या अधेमधे दिलं की पहिल्या महिन्याचा आकडा वेगळा, मग शिल्लक वेगळी, आणि मग पुढचा प्रत्येक महिना वेगळा.

दोन शनिवार-रविवार मी नव्या कोडमध्ये चूक शोधत होतो. एजंटही शोधत होता. दर वेळी त्याला काहीतरी सापडायचं आणि तो ते ‘दुरुस्त’ करायचा. शेवटी कंटाळून सचिवांना विचारलं, “सर, हे १५ तारखेचं काय आहे? जुन्या प्रोग्रामात बग आहे का?”

ते उठले, कपाटातून ठरावांची वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. १९९८ ची वार्षिक सभा. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर: दिनांक १५ नंतर अदा केलेल्या कर्जावर त्या महिन्याचे निम्मे व्याज आकारावे.

“बग कसला रे,” ते म्हणाले, “ठराव आहे.”

जुना नियम परत घातला. फरक २७ वर आला. एकूण गेलेला वेळ साधारण २६ तास. त्या एका ‘हो’चे.

२० सप्टेंबर, शनिवार

उरलेल्या २७ सकट सगळ्या ४१८ कर्जांसाठी बनावट डेटावर तसेच आकडे घेऊन चाचण्या लिहिल्या आणि एजंटला सांगितलं, या सगळ्या पास कर. चाळीस मिनिटांत उत्तर: ४१८ पैकी ४१८ यशस्वी.

बदललेल्या ओळी वाचल्या नसत्या तर गेलोच होतो. त्याने दोन गोष्टी केल्या होत्या. चाचणीतच ‘एक रुपयापर्यंत फरक चालेल’ अशी सवलत घातली, आणि चार खात्यांसाठी त्यांचे क्रमांक कोडमध्ये लिहून थेट जुना आकडा परत दिला. लेखापरीक्षकापुढे ही सवलत मागून बघावी कुणीतरी.

दोन्ही काढलं. चाचण्यांचा फोल्डर आता मशीनवरच्या दुसऱ्या युजरच्या नावावर आहे, एजंटला फक्त वाचता येतो. सूचनांच्या फाइलमध्ये ‘चाचण्या बदलू नकोस’ असं आधीही लिहिलेलं होतं. सूचना आणि कुलूप यांत फरक आहे.

खरं कारण मग हाताने शोधलं (काटा आला होता). शिल्लक ४०,०५० रुपये, दर १२ टक्के, महिन्याचं व्याज ४००.५०. फॉक्सप्रो ते ४०१ करतं. पायथनचं राउंड ४०० करतं, कारण ते बरोब्बर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम आकड्याकडे नेतं. ४०,१५० ला ४०१.५० येतात, तिथे दोघेही ४०२ म्हणतात. म्हणून फरक कधी दिसायचा, कधी नाही. पायथनचा ‘डेसिमल’ हा दशांश संख्यांचा प्रकार वापरून ‘अर्धा असेल तर वर’ असा नियम दिला. २३ जुळले.

राहिले चार. चौघांचीही दोन-दोन कर्जं, आणि जुन्या प्रोग्रामात दंडव्याज दुप्पट. एजंटच्या पहिल्या यादीत हे नववं होतं. पण दुधाने तोंड भाजल्यावर मी ताकही फुंकून प्यायलो: ठराव असणार, म्हणून जसंच्या तसं नव्या कोडमध्ये उतरवलं. ४१८ जुळले.

२८ सप्टेंबर, रविवार

वार्षिक सभा. लाभांशाची यादी जुन्याच मशीनवरून काढली. मी मागच्या रांगेत बसलो होतो. “नवीन संगणकाचं काय झालं?” या प्रश्नावर सचिव म्हणाले, “चालू आहे.” बटाटेवडा चांगला होता.

५ ऑक्टोबर, रविवार

पुतणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पावती भरायची स्क्रीन तिने एजंटकडून एका संध्याकाळी करून घेतली. रंग, सावल्या, सगळं छान. ताईंनी एक पावती भरून पाहिली आणि माऊस खाली ठेवला. जुन्या काळ्या स्क्रीनवर त्या वीस मिनिटांत साठ पावत्या भरतात, नजर कागदावर, बोटं आकड्यांवर, एंटर, एंटर. इथे प्रत्येक पावतीला चार वेळा माऊस.

पुतणीला म्हटलं, एंटरने पुढच्या रकान्यात जाऊ दे. ती तासभर एजंटला विनवत राहिली. कोड कुठे बदलायचा ते तिला सांगता येईना, कारण तो तिने वाचलाच नव्हता. “काका, कालपर्यंत चालत होतं ना!” मी तिला दोष देत नाही, ३ ऑगस्टला मी तेच केलं होतं. मग दोघांनी बसून स्क्रीन ओळ-ओळ वाचली, ९०० ओळींच्या ३४० केल्या, एंटर बसवला. आता ताईंच्या पावत्या वीस मिनिटांत पन्नासपर्यंत जातात. साठ अजून नाही.

ऑफिसातही हल्ली हेच पाहतोय. आधी २०० ओळींचे बदल तपासायला यायचे, आता १,२०० चे येतात, आणि लिहिणाराही अर्धे माझ्यासोबतच पहिल्यांदा वाचत असतो. सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतींची पाहणी करणाऱ्या डोराच्या २०२४ च्या अहवालात एआयचा वापर वाढला तिथे रिलीजची (नव्या आवृत्त्यांची) स्थिरता घटलेली दिसते, आणि एकेक बदल आकाराने फुगणं हे त्यांनी सुचवलेलं कारण आहे. मला आश्चर्य वाटलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

अखेर ती अकरा जागांची यादी छापून सचिवांकडे नेली. हे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं. पाऊण तास लागला.

सात ठराव निघाले, वहीत पान-क्रमांकासह. दोन जागा मेलेला कोड, २००१ मध्ये बंद झालेल्या एका योजनेचा. एकाचं कारण कुणालाच आठवत नाही. आणि नववी जागा, दुप्पट दंडव्याज, जी मी ठराव समजून आदराने उतरवली होती?

सचिवांनी वही दोनदा चाळली. ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, “सर, असं कुठे ठरलं नव्हतं. मला तर वाटायचं मशीन बरोबरच काढतं.”

खरा बग. दुसऱ्या कर्जाची नोंद वाचताना आधीच्या कर्जाचा दंड शून्य करायचा राहून गेला होता. मागच्या तीन वर्षांत नऊ सभासदांकडून ६,८४० रुपये जास्त घेतले गेले. त्याआधीचं अजून मोजलेलं नाही. एजंटने हे दुसऱ्याच दिवशी बरोबर दाखवलं होतं, त्याच यादीत, त्याच ठाम सुरात, ज्या सुरात त्याने १५ तारखेचा नियमही चूक म्हणून सांगितला होता. कोडमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. फरक वहीत आहे.

मंडळाने पैसे परत करायचा ठराव केला. त्याचा क्रमांक आता नव्या कोडमध्ये त्या ओळीच्या वर लिहिला आहे. बाकी सात ठरावांचेही क्रमांक आणि वर्षं लिहिली. एजंट आता त्या ओळींना हात लावताना आधी विचारतो.

१ नोव्हेंबर, शनिवार

ऑक्टोबर पूर्ण महिना दोन्ही सॉफ्टवेअर समांतर चालवली. ताईंना रोज दोनदा भरावं लागलं, त्यांनी दिवाळीच्या आधी एकदा ते बोलूनही दाखवलं. रोजची किर्द जुळली, दोन दिवस सोडून. दोन्ही दिवशी चूक हाताने भरण्यातली, एकदा जुन्यात, एकदा नव्यात. महिनाअखेरची तेरीज पैशापर्यंत जुळली. दंडव्याजाचा फरक धरून, अर्थातच.

नाण्याचा हिशेब: १८ कामं. छापा ९, काटा ९. एजंटच्या नऊ कामांचा अंदाज ३१ तास, लागले ३४. हाताच्या नऊ कामांचा अंदाज ४० तास, लागले ४७. अठरा कामांवरून कुणी काही सिद्ध करू नये, आणि कामंही सारखी नव्हती. पण आत डोकावलं तर: अहवाल, छपाईचे नमुने, बनावट डेटा, डेटाबेसचे तक्ते, इथे एजंटने मला निम्म्याहून कमी वेळात बाहेर काढलं. व्याज आणि दंड या दोन कामांत अंदाज ५ तास, लागले १६. आणि १४ सप्टेंबरच्या नोंदीतले २६ तास यात नाहीतच, त्या शोधासाठी नाणं उडवलं नव्हतं. तारखा पाहिल्या नसत्या तर मीही छातीठोकपणे सांगितलं असतं की सगळं एजंटमुळे लवकर झालं.

खर्च: एजंटचं तीन महिन्यांचं सदस्यत्व ६,००० रुपये, त्या एका रात्रीचे २,९००, केबल ४५०, जुन्या लॅपटॉपला नवी एसएसडी २,८००. एकूण १२,१५०. संस्थेने ९,२५० दिले. रात्रीचे २,९०० मी मागितले नाहीत.

राहिलेलं: पासबुक छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर सतराव्या ओळीपासून छपाई अर्धी ओळ खाली सरकते. एजंटने चार कारणं सांगितली, चारही तपासली, एकही नाही. ताईंचं म्हणणं, रिबन बदलली की आपोआप सरळ होतं. सोमवारी तपकीर गल्लीत जाऊन रिबन आणायची आहे.